कोणता त्रास कोणत्या औषधाचा

मूल व्हावं म्हणून आयव्हीएफचे उपचार (अंडी शरीराबाहेर काढून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करणं) घेताना पाळी आली की त्याच दिवशी सेंटरला कळवायचं असतं, आणि पहिला घोळ तिथेच होतो. नुसते तपकिरी डाग दिसले तो पहिला दिवस नव्हे. लाल, नीट वाहणारा स्राव सुरू झाला तो पहिला. स्राव रात्री उशिरा सुरू झाला तर दुसरी सकाळ पहिला दिवस धरा, असं बरीच सेंटरं सांगतात, काही सांगत नाहीत. विचारून घ्यावं, कारण गोळ्या, इंजेक्शनं, सोनोग्राफी सगळं याच आकड्यापासून मोजलं जातं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून सोनोग्राफी होते. स्राव चालू असताना तपासणी म्हणून बऱ्याच जणी अवघडतात. तपासणाऱ्यांना त्याचं काही नसतं, त्यांना नेमकी त्याच दिवसांतली तपासणी हवी असते. दोन्ही अंडाशयांत २ ते १० मि.मी.चे फॉलिकल (ज्यात अंडं वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या) किती आहेत, मागच्या महिन्याची एखादी सिस्ट (पाण्याची गाठ) उरली आहे का आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ झालंय का, एवढंच त्यात बघतात. सिस्ट स्वतः हार्मोन तयार करत असेल तर तो महिना सोडावा लागतो. औषधाला हात लावण्याआधीच महिना गेला म्हणून वाईट वाटतं, पण तशीच सुरुवात केली तर पुढच्या कुठल्याच आकड्याचा नीट अर्थ लागत नाही.

पुढचे चार-सहा आठवडे औषधं एकामागून एक येतात. प्रत्येकाचा त्रास वेगळा, त्याचा दिवसही साधारण ठरलेला. चौथ्या दिवशी डोकं दुखणं आणि ट्रिगरनंतर (अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनानंतर) चौथ्या दिवशी पोट फुगणं यांना एकाच ‘हार्मोन्सचा त्रास’ या पोत्यात भरलं की साधं काय आणि घाईचं काय हे कळेनासं होतं. म्हणून एक वही हवीच: दिवस, औषध, डोस, घेतल्याची वेळ, आणि समोर जे जाणवलं ते. मोबाइलमधली अ‍ॅपं चालतात, पण सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरांसमोर धरायला वहीच बरी पडते.

सुरुवात बहुतेक जणींची गोळ्यांनी होते. लेट्रोझोलच्या खोक्यातला कागद उघडला की स्तनाचा कॅन्सर हे शब्द दिसतात आणि गोळी हातातच राहते. चुकीचं औषध दिलेलं नसतं. ही गोळी शरीरात इस्ट्रोजेन तयार होणं थोडे दिवस अडवते. इस्ट्रोजेन कमी पडतंय असं समजून मेंदू एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन) वाढवतो आणि त्या जोरावर फॉलिकल वाढायला लागतं. कॅन्सरमध्ये ती वर्षानुवर्षं घेतात, इथे पाच दिवस, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत, रोज २.५ ते ७.५ मि.ग्रॅ. रक्तातलं तिचं प्रमाण दोनेक दिवसांत निम्मं होतं, त्यामुळे अंडं सुटेपर्यंत ती बरीचशी निघून गेलेली असते. डोकं जड होणं, थकवा, सांधे किंचित आखडणं हे त्या पाच दिवसांत आणि पुढच्या एक-दोन दिवसांत जाणवतं.

क्लोमिफेन जुनं, अमेरिकेत त्याला १९६७ साली मान्यता मिळाली. डोस ५० मि.ग्रॅ.पासून, अंडं सुटत नसेल तर पुढच्या महिन्यात १०० पर्यंत. काम साधारण तेच, पण रीत वेगळी. ते इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतं, आणि फक्त मेंदूत नाही तर गर्भाशयाच्या अस्तरातही. शरीरात ते काही आठवडे रेंगाळतं. म्हणून गोळ्या संपल्यावरही त्रास चालू राहतो: छातीपासून चेहऱ्यापर्यंत गरम लाट चढते, मान भिजते, दोन-चार मिनिटांत ओसरते. औषधाच्या माहितीपत्रकात हे शंभरातल्या दहाएक जणींना होतं असं दिलेलं आहे. रात्री झोपताना गोळी घेतली की दिवसाचा त्रास थोडा कमी वाटतो असं पुष्कळ जणी सांगतात. मूडचं मात्र वेळ बदलून काही होत नाही. कारण नसताना रडू येणं, क्षुल्लक गोष्टीवरून भांडण हे औषधाच्या खात्यावर टाकायला हरकत नाही, आणि घरातल्यांना ते आधी सांगून ठेवलेलं बरं. एक गोष्ट मात्र सहन करत बसायची नाही. डोळ्यांपुढे चमकणं, धूसर दिसणं, हलत्या वस्तूमागे तिची छाया उरल्यासारखी वाटणं यातलं काहीही झालं तर पुढची गोळी थांबवून लगेच कळवायचं. हे शंभरात एक-दोघींनाच होतं, पण गाडी चालवताना झालं तर फार महागात पडतं.

‘मला कॅन्सरची गोळी आणि तिला मूल होण्याची, असं का?’ हा प्रश्न वेटिंग रूममध्ये नेहमी निघतो. पीसीओएस (अंडं नियमित न सुटण्याचा विकार) असलेल्या ७५० स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात लेट्रोझोलच्या गटात २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफेनच्या गटात १९.१ टक्के. तेव्हापासून पीसीओएसमध्ये लेट्रोझोल आधी दिलं जातं. जोडीला मेटफॉर्मिन (मधुमेहातही देतात ती गोळी) असेल तर ते जेवणाबरोबरच घ्यायचं आणि डोस आठवड्या-आठवड्याने वाढवायचा, नाहीतर पहिले दहा दिवस बाथरूममध्येच जातात.

इंजेक्शनं सुरू झाली की काम बदलतं. आता आपणच कंपाउंडर. एफएसएच दोन रूपांत मिळतं: पावडरच्या कुप्या आणि तयार पेन. जुन्या प्रकारचं औषध पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढतात, कारण त्या वयात शरीर एफएसएच आणि त्याच्या जोडीचं एलएच हे हार्मोन भरमसाट बनवतं. सुरुवातीच्या काळात इटलीत त्यासाठी वृद्ध जोगिणींच्या मठांतून लघवी गोळा केली जात असे. नवं औषध प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतात. कुठलं दिलं यावर फार जीव जाळू नये. डोस नीट पोटात गेला का, हे जास्त महत्त्वाचं.

पावडरची कुपी उजेडात धरली तर तळाशी पांढरी चकती दिसते. सोबत १ मि.ली. द्रावकाची अ‍ॅम्प्यूल असते. तिच्या मानेवर रंगीत ठिपका असतो. तो आपल्याकडे ठेवून, मान कापसात पकडून, आपल्यापासून लांबच्या बाजूला मोडायची. उलटी मोडली की काच बोटात जाते. जाड सुईने द्रावक ओढायचं आणि कुपीच्या कडेवरून हळूच आत सोडायचं, चकतीवर जोराने मारायचं नाही. हलवायचंही नाही, कारण फेस झाला की अर्धं औषध फेसात अडकतं आणि ओढता येत नाही. तळहातांत धरून कुपी नुसती गरगर फिरवली की अर्ध्या-एक मिनिटात पाणी स्वच्छ होतं. दोन-तीन कुप्या घ्यायच्या असतील तर प्रत्येकीत नवं द्रावक टाकायचं नसतं. पहिलीतलं विरघळलेलं औषध ओढून दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. शेवटी सगळा डोस एका मि.ली.त येतो आणि एकदाच टोचावं लागतं. मग जाड सुई काढून बारीक सुई लावायची. ही बदलायची राहिली की ‘आज फार दुखलं’ असं होतं.

सर्वांत वाईट चूक इन्सुलिनच्या सिरिंजमुळे होते. तिच्यावरच्या खुणांना ‘युनिट’ म्हणतात आणि एफएसएचच्या डोसलाही ‘युनिट’च म्हणतात, पण ती दोन वेगळी मापं आहेत. इन्सुलिनच्या U-100 सिरिंजवर १ मि.ली. म्हणजे १०० खुणा; U-40 सिरिंजवर तसं नसतं. समजा १५० युनिटची पावडर १ मि.ली.त विरघळवली आणि डोस ७५ आहे, तर अर्धा मि.ली. हवा, म्हणजे खूण ५० ची. कुणी सरळ ७५ च्या खुणेपर्यंत ओढलं तर पोटात ११२.५ युनिट जातात. डोस सांगणाऱ्याकडून ‘किती युनिट’ आणि ‘या सिरिंजवर कुठल्या खुणेपर्यंत’ ही दोन्ही उत्तरं लिहून घ्यावीत. ल्युप्रोलाइड या दुसऱ्या इंजेक्शनासाठी तर डोस बऱ्याचदा सिरिंजच्या खुणांतच सांगतात, त्यामुळे गोंधळात भरच पडते.

पेन सोपं, पण त्यालाही खोडी आहेत. टोचून बटण पूर्ण दाबल्यावर सुई लगेच बाहेर काढली तर टोकाला थेंब लोंबतो; तो थेंब म्हणजे न गेलेला डोस. दाबून धरून दहापर्यंत मोजायचं. खिडकीत शून्य दिसलं पाहिजे. काही पेनांत औषध संपत आलं असेल तर आकडा मध्येच थांबतो, उदाहरणार्थ ५० वर. याचा अर्थ ५० गेलं असा नसून ५० राहिलं असा असतो, आणि तेवढंच नव्या पेनने घ्यायचं. हा आकडा उलटा वाचणाऱ्या जणी कमी नाहीत. सुई दर वेळी नवी. पेनला लावून ठेवलेल्या सुईतून औषध झिरपतं आणि हवा आत शिरते. सिरिंजमधल्या बारीक बुडबुड्यांची मात्र उगाच भीती असते. कातडीखाली गेलेला छोटा बुडबुडा काही करत नाही, फक्त तेवढी जागा औषधाची खातो.

टोचायचं बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून, खाली आणि बाजूला, चिमटीत कातडी धरून. स्पिरिट वाळू द्यायचं. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की चुरचुरतं, आणि दोष औषधाला मिळतो. रोज बाजू बदलली तरी आठव्या दिवशी ओटीपोटावर तीन-चार निळे-पिवळे डाग असतातच. पेन फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलं तर थंड औषधाची कळ येत नाही. फ्रीजमध्ये ठेवताना बर्फाच्या कप्प्याला टेकवायचं नाही, गोठलेलं औषध गेलं. वेळ रोज साधारण तीच, संध्याकाळची. तासभर इकडेतिकडे झालं तर आभाळ कोसळत नाही. डोस पूर्ण विसरला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, आधी फोन.

पहिले चार दिवस काहीच वाटत नाही, आणि औषध लागू पडत नाही अशी शंका येते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पोट जड व्हायला लागतं, पँटची कंबर टोचते, बसताना आत काहीतरी असल्याचं जाणवतं. ते खरंच असतं. एरवी अक्रोडापेक्षा फार मोठा नसलेला अंडाशय आता कितीतरी पटींनी वाढलेला असतो. दर एक-दोन दिवसांनी सोनोग्राफी, सोबत रक्तात इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार). या टप्प्यात फॉलिकल दिवसाला साधारण २ मि.मी. वाढतं. १२, ११, ९ असे आकडे ऐकून मनातल्या मनात अंडी मोजायची सवय लागते, आणि पुढे निराशा त्यातूनच होते. फॉलिकल म्हणजे अंडं नव्हे. प्रत्येकातून अंडं निघत नाही, निघालेलं प्रत्येक पक्व नसतं.

‘इतकी अंडी एकदम काढली तर पुढे संपतील का?’ ही भीती जवळपास प्रत्येकीला असते. नाही संपत. दर महिन्याला फॉलिकलचा एक घोळका आपोआप पुढे येतोच. एफएसएच एकापुरतंच असतं म्हणून एकच वाढतं आणि बाकीचे विरून जातात. इंजेक्शनं त्या विरणाऱ्यांना वाढवतात. पुढच्या महिन्यांचा साठा त्यात वापरला जात नाही.

मोठं फॉलिकल १४ मि.मी.च्या आसपास गेलं, किंवा इंजेक्शनांचा पाचवा-सहावा दिवस आला, की सकाळचं दुसरं इंजेक्शन सुरू होतं: सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स, ०.२५ मि.ग्रॅ. अंडी वेळेआधी सुटू नयेत म्हणून. टोचल्यावर पाच मिनिटांत रुपयाएवढा लाल, खाजरा चट्टा उठतो. या औषधाची ती ओळखच आहे, तास-दोन तासांत जातो. चट्टा अंगभर पसरला, ओठ सुजले, धाप लागली तर मात्र ती अ‍ॅलर्जी, ताबडतोब दवाखान्यात. आणि हे इंजेक्शन एक दिवसही चुकवायचं नसतं. एफएसएच चुकलं तर वाढ थोडी मंदावते, हे चुकलं तर अंडी पिकअपआधीच (सुईने बाहेर काढण्याआधीच) सुटून जाऊ शकतात.

या दिवसांत एका बाजूला अचानक, श्वास अडेल अशी कळ आली आणि सोबत उलटी झाली तर जड झालेल्या अंडाशयाला पीळ बसलेला असू शकतो. तिथे वाट पाहायची नाही. उड्या, धावणं, पोटाचे व्यायाम बंद ठेवायला सांगतात ते यासाठीच.

दोन-तीन फॉलिकल १७-१८ मि.मी.ला पोचले की ट्रिगर. सगळ्या महिन्यात घड्याळाचा काटा फक्त इथे महत्त्वाचा. पिकअप ट्रिगरनंतर ३४ ते ३६ तासांनी असतो: बुधवारी सकाळी साडेनऊचा पिकअप म्हणजे सोमवारी रात्री साडेनऊचं इंजेक्शन. वेळ मध्यरात्रीनंतरची असेल तर हमखास घोटाळा होतो. ‘सोमवारी रात्री साडेबारा’ म्हणजे रविवार संपून की सोमवार संपून? हे शब्दांत विचारून लिहून घ्यायचं. चोवीस तास चुकले तर पिकअपच हातचा जातो. दुसरी चूक ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण घडते: ट्रिगरची पावडर कुपीत तशीच राहते आणि घाबरलेल्या हातांनी नुसतं द्रावक टोचलं जातं. टोचल्यानंतर कुपी पुन्हा उजेडात धरून पाहावी, फेकू नये. उशीर झाला, अर्धं सांडलं, काहीही असो, त्याच रात्री फोन करायचा. पिकअपची वेळ सरकवता येते, पण खरी वेळ कळली तरच. ओरडा बसेल म्हणून ठरलेली वेळच सांगणं हा सगळ्यांत महाग खोटेपणा.

ट्रिगर दोन प्रकारचे. एचसीजी (गरोदरपणात शरीर बनवतं ते हार्मोन): ५,००० ते १०,००० युनिट, किंवा २५० मायक्रोग्रॅमची तयार सिरिंज. नाहीतर ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन. फॉलिकल पुष्कळ असतील तर दुसरा प्रकार निवडतात, कारण एचसीजी शरीरात बरेच दिवस टिकतं आणि अंडाशयांना चेतवत राहतं. त्यातून रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, पाणी पोटात साठतं आणि रक्त घट्ट होतं. यालाच ओएचएसएस म्हणतात. पीसीओएस, जास्त एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन), कमी वय असलेल्यांना धोका अधिक.

फसवं असतं ते त्याचं वेळापत्रक. पिकअपच्या संध्याकाळी गुंगी उतरते, थोडं दुखतं, वाटतं सुटलो. पोट खरं फुगतं ते दोन-चार दिवसांनी. गर्भ राहिला तर दीड-दोन आठवड्यांनी पुन्हा. म्हणून पिकअपनंतर रोज सकाळी, लघवी करून, काही न खाता वजन करायचं आणि बेंबीच्या रेषेत टेपने पोट मोजायचं. टेप दर वेळी त्याच जागी. फुगल्यासारखं वाटणं, सौम्य दुखणं हे बहुतेकींना होतं आणि ओसरतं. एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी आणि गडद झाली, उलट्या थांबत नाहीत, आडवं झाल्यावर धाप लागते, एका पायाची पोटरी सुजून दुखते, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी कळवायचं. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं; आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. अशा वेळी सगळी भ्रूणं गोठवून ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात ठेवणं) पुढे ढकलतात. तो निर्णय ऐकताना जिवावर येतं, पण बऱ्याचदा तोच शहाणपणाचा असतो.

पिकअपनंतर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं, म्हणून त्या दोन-तीन दिवसांत येणाऱ्या रडण्याचा संबंध अंड्यांच्या आकड्याशी असेलच असं नाही.

त्यानंतर प्रोजेस्टेरॉन, गर्भाशयाचं अस्तर टिकवणारं हार्मोन. योनीत ठेवायच्या २०० किंवा ४०० मि.ग्रॅ.च्या गोळ्या असतात, त्या विरघळतात आणि त्यांचं मेण बाहेर येतं. पांढरट चिकट स्राव, कपड्यांवर डाग. औषध वाया जात नाही, कवच तेवढं बाहेर पडतं. ठेवल्यावर वीस मिनिटं आडवं राहिलं, पॅड लावलं की निभतं. तेलातलं इंजेक्शन कमरेखाली, नितंबाच्या वरच्या बाहेरच्या चौथाईत घेतात. ते स्वतः घेणं जमत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. तेल दाट असतं. कुपी आधी काखेत किंवा तळहातात कोमट करायची, हळू टोचायचं, मग जागा चोळायची. तरी आठवड्याभरात गाठी येतात, बसताना दुखतात, आणि काही आठवडे राहतात. तोंडाने घेतलेल्या मायक्रोनाइज्ड गोळीने इतकी झोप येते की ती रात्रीच घ्यावी.

आणि मग हे औषध बरोबर गरोदरपणाची नक्कल करतं. छाती जड, दुखरी, पोट गच्च, बद्धकोष्ठ, दुपारी गुंगी, पाळीही लांबते. ट्रान्सफरनंतरच्या दोन आठवड्यांत लक्षणं मोजण्यात काहीच अर्थ नाही, होकार आणि नकार दोन्हींत ती सारखीच असतात. घरी लघवीची टेस्ट करून बघायचा मोह आवरत नाही, पण एचसीजीचा ट्रिगर घेतला असेल तर त्यानंतर १० ते १४ दिवस ती टेस्ट त्या इंजेक्शनामुळेही दोन रेघा दाखवते. मग दोन रेघांची एक होते, आणि जे कधी नव्हतंच ते गेल्याचं दुःख होतं. ठरलेल्या दिवशीची रक्ताची तपासणी बरी, तीही ४८ तासांनी पुन्हा करून आकडा वाढतोय का बघायचं.

डाग दिसले म्हणून प्रोजेस्टेरॉन आपण होऊन बंद करायचं नाही. गोळ्यांनी योनीत ओरखडा जाऊनही डाग पडतात. रक्ताचा रिपोर्ट नकाराचा आला आणि सेंटरने थांबवायला सांगितलं, की साधारण दोन ते सात दिवसांत स्राव सुरू होतो, नेहमीपेक्षा जास्त, गाठींसह. तासाला एक पॅड भिजत असेल तर कळवायचं. लगेच याच पाळीच्या दुसऱ्या दिवसाच्या सोनोग्राफीची वेळ घेतली तर अंडाशयात बऱ्याचदा सिस्ट दिसतात आणि एक महिना थांबा म्हणतात. फ्रीजमध्ये अर्धवट उरलेलं पेन असेल तर ते त्या पुढच्या फेरीसाठी सांभाळून ठेवण्यात अर्थ नसतो. बहुतेक पेनं पहिल्यांदा वापरल्यावर २८ दिवसच चालतात. उघडल्याची तारीख त्याच दिवशी त्यावर पेनाने लिहिलेली असावी.